नववीत आलेल्या मुलाला स्वतः बोलू द्या

जून-जुलैत आपली कुटुंबं न्यू जर्सीत उतरतात, सप्टेंबरात मुलं हायस्कूलला जाऊ लागतात आणि नोव्हेंबरात पहिलं प्रगतिपुस्तक आलं की मला फोन येतात. "तिकडे पहिल्या पाचात असायचा हो, इथे सी कसा आला?" २००८ साली सांगलीहून आलो तेव्हा आमच्या घरातही हाच प्रश्न होता.

नोंदणी, लसींचे दाखले, बस हे सगळं शाळेचं ऑफिस नीट सांगतं. त्याची काळजी नको.

सी येतो तो बहुधा शून्यामुळे. इथे एका वार्षिक परीक्षेवर सगळं ठरत नाही. गृहपाठ, क्विझ, प्रोजेक्ट, सगळ्याचे गुण साठत जातात. पाचपैकी चार कामांत नव्वद मिळाले आणि पाचवं दिलंच नाही, तर सरासरी बहात्तरवर येते. शिवाय नववीचे गुणही कॉलेजला जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या एकत्रित गुणपत्रकावर, असतात. "दहावीला बघू" असं इथे चालत नाही. रोज संध्याकाळी शाळेचं ऑनलाइन पोर्टल उघडून काय राहिलंय ते मुलाने वहीत लिहावं. मुलाने, तुम्ही नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर आपली मुलं धडा परत परत वाचतात. त्यापेक्षा पुस्तक मिटून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं, मग उघडून काय सुटलं ते पाहायचं, दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं होतं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या मुलाला वाचायला वेळ लागतो. नववीत शाळेने तपासणी केली आणि ५०४ प्लॅन मिळाला, म्हणजे अडचण असलेल्या मुलाला शाळेने द्यायच्या सवलतींचा आराखडा. त्याला परीक्षेला दीडपट वेळ. चार वर्षं प्रत्येक शिक्षकाला मेल मी लिहिली, काउन्सेलरकडे मी गेले, परीक्षेआधी आठवण मी केली. त्याला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही, आणि मला वाटायचं मी त्याचं भलं करते आहे. मग तो कॉलेजला गेला. शाळेचा ५०४ प्लॅन किंवा आयईपी (विशेष शिक्षणाचा वैयक्तिक आराखडा) कॉलेजात आपोआप लागू होत नाही. विद्यार्थ्याने स्वतः तिथल्या अपंगत्व सेवा कार्यालयात जाऊन कागद दाखवायचे आणि मागणी करायची. तो गेलाच नाही. मी फोन केला, तर फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या कायद्याचा हवाला देऊन त्यांनी माझ्याशी बोलायला नकार दिला. कॉलेजात गेलं की नोंदींचे हक्क मुलाकडे जातात, फी कोणीही भरो. पहिल्या सत्रात तो दोन विषयांत नापास झाला, शिष्यवृत्ती गेली. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "आई, कोणाला काय विचारायचं तेच मला माहीत नव्हतं."

मंडळाच्या गणपतीत मुलांच्या जीपीएची, म्हणजे सरासरी श्रेणीची, चौकशी सगळे करतात, ५०४ चं नाव मात्र कोणी काढत नाही. आपल्या लोकांना वाटतं, डाग लागेल. ट्रान्सक्रिप्टवर त्याची नोंद नसते. एसएटी या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या निकालावरही जादा वेळेची खूण २००३ पासून येत नाही. मात्र एसएटीसाठी मंजुरी वेगळी मागावी लागते आणि तिला सात आठवडे लागू शकतात. पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी शाळेत, तपासणी मोफत असते, व्हिसा कुठलाही असो. मागणी तोंडी करू नका. लेखी द्या, तारीख घाला, प्रत ठेवा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि तरी दरवर्षी कोणीतरी कॉरिडॉरमध्ये बोलून घरी येतं आणि सहा महिने वाट पाहतं.

अडचण नसलेल्या मुलालाही मदत मागता यायला हवी. आपण मुलांना शिकवतो की मोठ्यांसमोर गप्प बसावं. इथे शिक्षक त्याचा अर्थ "याला सगळं समजलंय" असा घेतात. शाळा सुटल्यावर ते मदतीला थांबतात, पण जो येईल त्याच्यासाठीच. इथल्या शाळांची ही गोष्ट मला खरंच आवडते. प्रश्न विचारणाऱ्याला कोणी उद्धट म्हणत नाही.

सुरुवात छोटी करा. शिक्षकांना नुसतं "सर" न म्हणता मिस्टर किंवा मिस लावून आडनावाने हाक मारायची, हे आधी सांगा. मग एक मेल, तीन वाक्यांची : मी काय करून पाहिलं, कुठे अडलो, तुम्हाला कधी भेटू. "मला समजत नाही" एवढंच लिहिलं तर उत्तरही तितकंच मोघम येतं. "तिसऱ्या गणितात वर्गमूळ घेतल्यावर चिन्ह का बदललं?" असं विचारलं की शिक्षक तिथेच हात घालतात. आयईपी असेल तर मुलाला बैठकीला न्या आणि पहिली पाच मिनिटं त्याला बोलू द्या.

पहिल्या मेलला अर्धा तास लागेल. शेजारी बसा, पण कीबोर्ड त्याच्याच हातात ठेवा.