मुंबईत क्रूझवरून उतरून थेट विमान पकडायचंय? बॅगा आणि गाडीचं असं जमवा

नागपूर, हैदराबाद, दिल्ली, कुठून कुठून लोक हल्ली विमानाने मुंबईत येतात, बॅलार्ड पियरच्या धक्क्यावरून क्रूझ करतात आणि परत विमानाने घरी. जहाजाचं बुकिंग सगळे अगदी नीट करतात पण धक्का ते विमानतळ या मधल्या तुकड्याचा विचार कोणी करत नाही, आणि फजिती नेमकी तिथेच होते.

सगळ्यात आधी तिकीट उघडून विमानतळ कुठला ते बघा. नुसतं ‘मुंबई’ वाचून गप्प बसू नका. सहारचं टी २ (टर्मिनल २) वेगळं, सांताक्रूझचं टी १ वेगळं, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झालाय, तो तर खाडीपलीकडे. चुकीच्या ठिकाणी पोचलात तर विमान गेलंच समजा.

मग फ्लाइटची वेळ. जहाज सकाळी लागलं म्हणजे तुम्ही सकाळीच बाहेर पडलात असं होत नाही, ग्रुपने उतरवतात, पुढे सामान शोधा, लाइन लावा. मी तरी दुपारी २ च्या आधीचं विमान घेणार नाही, इंटरनॅशनल असेल तर संध्याकाळचंच.

शेवटच्या रात्री टॅग लावून मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट धक्क्यावरच्या क्रूझ टर्मिनलवर मिळतात. आता त्याआधी सकाळचे कपडे, चपला, औषधं, चार्जर, आधार किंवा पासपोर्ट हे सगळं एका छोट्या बॅगेत काढून ठेवा. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या काकांनी सगळ्या पँट बॅगेत भरून बॅग बाहेर ठेवली आणि सकाळी नाइट पँटवर मुंबईत उतरले! पॉवर बँक पण त्याच छोट्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात ती चालत नाही. आणि वजनाचं बघा, देशातल्या बऱ्याच स्वस्त विमानांत चेक-इनला १५ किलो आणि हातात ७ किलो एवढंच, जहाजावर कोणी वजन करत नाही म्हणून खरेदी वाढत जाते आणि काउंटरवर खिसा हलका होतो.

आता गाडी, इथे जरा डोकं लावा. आम्ही चौघं, चार मोठ्या बॅगा, ॲपवरून साधी सेडान मागवली, डिकी उघडली तर आत सीएनजीची टाकी, बॅग एकच मावली. शेवटी दोन गाड्या केल्या. म्हणून माणसं नका मोजू, बॅगा मोजा. चार मोठ्या बॅगा असतील तर इनोव्हासारखी मोठी गाडी आदल्या दिवशीच ठरवा आणि ड्रायव्हरला फोनवर विचारा, ‘डिकीत टाकी आहे का? कॅरियर आहे का?’ काळी-पिवळी टॅक्सीत टाकी असली तरी वर कॅरियर असेल तर काम भागतं, फक्त दोरी नीट बांधून घ्या, मीटरने यायचं हे आधीच बोला. ॲपवरची लोकेशनची पिन कधीकधी भलतीकडेच पडते, ड्रायव्हरला ‘ग्रीन गेट, बॅलार्ड पियर’ सांगितलं की कळतं. आणि बाहेरगावच्यांनो, रिक्षा शोधू नका, दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीच.

रस्ता म्हणाल तर पी. डिमेलो रोडवरून ईस्टर्न फ्रीवे, टोल नाही, चेंबूरपर्यंत सिग्नल नाही, पुढे सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडने विमानतळ. अंतर २०-२५ किलोमीटरच, पण वेळ ट्रॅफिकच्या मर्जीवर, दोन तास धरूनच निघा. नवी मुंबईला जायचं असेल तर फ्रीवेवरून शिवडी आणि तिथून अटल सेतू, टोलचे पैसे भाड्यात धरलेत का ते आधीच विचारून घ्या.

एकटे-दुकटे असाल आणि एकच चाकाची बॅग असेल तर मेट्रो ३ बेस्ट. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. धक्क्यावरून टॅक्सीने सीएसएमटीचं मेट्रो स्टेशन आणि तिथून थेट टी १ किंवा टी २ चं स्टेशन, मध्ये गाडी बदलायची नाही. बॅगा एक्स-रे मशीनमधून घालाव्या लागतात, टी २ ला उतरल्यावर थोडं चालायचं पण आहे. लहान मुलं आणि तीन बॅगा घेऊन मात्र हा प्रयोग करू नका, आणि गर्दीच्या वेळेला लोकलचं तर नावच काढू नका.

उलट दिशेने, म्हणजे विमानाने येऊन जहाज पकडायचं असेल तर एक दिवस आधी या. विमान लेट झालं तर जहाज थांबत नाही. धक्क्याजवळच फोर्टमध्ये एक रात्र काढा, सकाळी चेक-आउट करून बॅगा हॉटेलच्या रिसेप्शनला ठेवा, पोटभर नाश्ता करा, आणि क्रूझचे टॅग आले असतील तर तिथेच बॅगांना लावून टाका म्हणजे धक्क्यावर पेन शोधत बसावं लागत नाही.