जुन्या गाडीत एकदम दहा तक्रारी? शोध कुठून सुरू करायचा

वापरलेली जुनी गाडी दारात आली की पहिल्या आठवड्यातच तक्रारींची यादी तयार होते. सकाळी सेल्फ जड मारतो. हेडलाइट लावले की डॅशबोर्ड मंद होतो. उभी असताना गाडी थरथरते, तापमानाचा काटा मधूनच उडी मारतो, वेग वाढला की कुठूनतरी घूं घूं ऐकू येतं. यादी बघून माणूस घाबरतो आणि ऐकीव सल्ल्यावर एकेक पार्ट बदलत सुटतो. आधी बॅटरी, मग अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), मग एखादा सेन्सर. पैसे जातात आणि निम्म्या तक्रारी तशाच राहतात.

दहा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा तीन-चारच बिघाड असतात, आणि त्यातले एक-दोन अगदी पायातले असतात. ते आधी सापडले तर वरच्या कित्येक तक्रारी आपोआप गळून पडतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. हत्यारं फार लागत नाहीत: साधा डिजिटल मल्टीमीटर, पान्यांचा संच, टॉर्च, काचकागद आणि गाडी उचलायची असेल तर जॅकबरोबर स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

पायरी १: वही घ्या

प्रत्येक तक्रार कधी होते ते लिहा. इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? गाडी उभी असताना की पळताना? पावसानंतर? लाइट, पंखा, एसी चालू असतानाच? ‘गाडी बंद पडते’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘वीस मिनिटं चालवून थांबलो, दहा मिनिटांनी सुरू केली तर सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, तासाभराने पकडतं’ यातून खूप कळतं, कारण गरम झाल्यावर दगा देणारे आणि गार झाल्यावर सुधारणारे भाग मोजकेच असतात.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तर आणखीच पंचाईत.

पायरी २: जिवाशी खेळणारं आधी

यादीत काहीही असो, ब्रेक, स्टेअरिंग, टायर आणि पेट्रोलचा वास या चार गोष्टी तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल मध्यम जोराने तीस सेकंद दाबून धरा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा भाग) आतून गळतोय किंवा बाहेर कुठेतरी ऑइल जातंय. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा असण्याची शक्यता जास्त. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ते शेवटचं कधी बदललं हे कळत नसेल तर बदलूनच टाका. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचंच असतं.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, दहा वर्षांपुढच्या टायरवर भरवसा ठेवू नका. रबर आतून कडक झालेलं असतं.

पेट्रोलचा वास येत असेल तर बाकीचं काम तिथेच थांबवा. गळती सापडून बंद होईपर्यंत वायरिंगला हात लावायचा नाही.

पायरी ३: ऑइल, कूलंट, बेल्ट

इथे दहा मिनिटं पुरतात. गाडी सपाट जागी, इंजिन थंड. ऑइलची पट्टी काढून पुसा, पुन्हा घालून बघा. ऑइल काळं असणं ठीक आहे. दुधाळ, कॉफीसारखं असेल तर त्यात पाणी मिसळलंय आणि हेड गॅसकेटचा (इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलचा) संशय घ्यायला हवा. कूलंटची पातळी बघा. त्यात गंजाचा गढूळपणा असेल तर वर्षानुवर्षं नुसतं पाणी भरलं गेलंय असं समजा.

टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा) असलेली गाडी असेल आणि तो बदलल्याचा कागद मिळत नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला. बऱ्याच इंजिनांत हा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन खोलायची वेळ येते. या एका बाबतीत लक्षण दिसायची वाट बघू नका.

पायरी ४: बॅटरी आणि चार्जिंग

आता मल्टीमीटर काढा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. १२.२ म्हणजे बॅटरी साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आधी ती पूर्ण चार्ज करा, कारण अर्ध्या बॅटरीवर केलेल्या पुढच्या सगळ्या चाचण्या फसव्या निघतात.

मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. पूर्ण चार्ज बॅटरी ९.६ च्या खाली घसरत असेल तर ती दमलेली आहे. इंजिन सुरू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. हेडलाइट आणि पंखा लावूनही तो १३ च्या वर टिकला तर अल्टरनेटर निर्दोष. १५ च्या पुढे जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. त्यामुळे बल्ब वारंवार उडतात आणि बॅटरी उकळते.

पायरी ५: अर्थिंग

या पायरीवर घाई करू नका. जुन्या गाडीतल्या विजेच्या विचित्र तक्रारींचं मूळ मला सर्वांत जास्त वेळा इथे सापडलंय.

गाडीत प्रत्येक दिव्याला, मोटरला वीज वायरमधून येते, पण परत जाते ती गाडीच्या पत्र्यातून. पत्र्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत आणि इंजिनपासून पत्र्यापर्यंत जाड तारा किंवा तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या असतात. तिथला बोल्ट गंजला की वीज परतीची दुसरी वाट शोधते. कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून, कधी गिअरच्या केबलमधून, कधी दुसऱ्याच दिव्याच्या फिलामेंटमधून. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटतो, तो याच कारणाने. त्या मागच्या दिव्याची अर्थ तुटलेली असते आणि ब्रेकच्या दिव्याची वीज शेजारच्या बल्बमधून घरी परतते.

माझ्या एका जुन्या गाडीत सेल्फ जड, काटे नाचणारे आणि हेडलाइट पिवळट, अशा तिन्ही तक्रारी एकत्र होत्या. बॅटरी नवी टाकून झाली, फरक शून्य. ओहम मीटरने इंजिनची अर्थपट्टी तपासली तर शून्य रोध, म्हणजे ठणठणीत. फसलो ते इथेच. ओहम मीटर चाचणीसाठी अगदी किंचित करंट सोडतो, आणि विणलेल्या पट्टीचे चारच धागे शाबूत असले तरी तो ‘ठीक’ म्हणतो. सेल्फ मात्र शे-दीडशे अँपिअर ओढतो. १५० अँपिअरला नुसता ०.०१ ओहम रोध आडवा आला तरी दीड व्होल्ट वाटेतच संपतात.

म्हणून तपासणी भाराखाली करायची. ती अशी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवा. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, वरच्या क्लँपवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर. लाल सुई इंजिनच्या उघड्या धातूवर. आता दुसऱ्याने पाच सेकंद सेल्फ मारायचा. आकडा ०.२ च्या आसपास किंवा कमी आला तर अर्थिंग चांगली. माझ्या गाडीत १.१ आला.

मग दोष कुठे ते शोधायला लाल सुई पायरीपायरीने बॅटरीकडे सरकवत आणायची: इंजिन, इंजिनवरचा बोल्ट, पत्र्यावरचा बोल्ट, बॅटरीचा क्लँप. आकडा ज्या दोन बिंदूंच्या मध्ये एकदम पडतो, तिथे दोष. माझ्याकडे तो पत्र्यावरच्या बोल्टाशी पडला. बोल्ट सोडवला तर वॉशरखाली हिरवट पावडर, तिच्याखाली तपकिरी गंजाचा थर, आणि पट्टीचे निम्मे धागे हात लावताच तुटून बोटांवर आले. बाहेरून ती पट्टी अगदी धडधाकट दिसत होती. नवी पट्टी लावली, जागा काचकागदाने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट घट्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. आकडा ०.१ वर आला आणि तिन्ही तक्रारी त्याच दुपारी संपल्या.

पॉझिटिव्ह बाजूही अशीच तपासा: लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, काळी सेल्फच्या जाड टर्मिनलवर. सेल्फ मारताना ०.५ च्या आत हवं.

बॅटरीची तार काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा.

पायरी ६: फ्यूज आणि आधीच्या मालकाची वायरिंग

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा टाकू नका. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअरचा. लालच्या जागी हिरवा टाकला तर फ्यूजऐवजी वायर जळते. मग टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली बघा: वळून टेप गुंडाळलेले जोड, जोडलेला जादा हॉर्न, म्युझिक सिस्टिम, फॉग लॅम्प. मागाहून घातलेलं हे सगळं संशयित आहे. दरवाजे आणि डिकी उघडताना जिथे वायर वाकते तिथल्या रबरी नळीच्या आतही बघा, तिथे तारा आतल्या आत तुटतात. पिवळ्या रंगाच्या आवरणातले कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात, त्यांना सुई लावायची नाही.

एका बाजूचा इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल तर आधी त्या बाजूचे बल्ब बघा. बहुधा एक गेलेला असतो.

पायरी ७: रात्रीत उतरणारी बॅटरी

चार्जिंग चांगलं, बॅटरी चांगली, तरी दोन दिवसांनी गाडी मुकी. म्हणजे बंद गाडीत कोणीतरी वीज खातंय. किल्ली काढा, दारं बंद करा, अर्धा तास जाऊ द्या, म्हणजे गाडीतले कंट्रोलर झोपी जातील. मग निगेटिव्ह तार सोडवून, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून, ती तार आणि बॅटरीचा खांब यांच्या मध्ये जोडा. तार सुटली की कंट्रोलर पुन्हा जागे होतात, म्हणून आकडा खाली बसेपर्यंत थांबा. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ३०० दिसले तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा कोसळतो, त्या सर्किटवर चोर आहे. डिकीचा आणि ग्लोव्ह बॉक्सचा दिवा आधी बघा. झाकण लागल्यावर तो विझतो की नाही हे बाहेरून दिसत नाही.

पायरी ८: थरथर आणि मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं)

वीज भक्कम झाल्यावरच इंजिनकडे वळा, कारण कमी व्होल्टेजमुळे सेन्सरही खोटं बोलतात. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून प्रमाणित १६ पिनांचं सॉकेट सक्तीचं आहे. तुमच्या गाडीत ते असेल तर साधा स्कॅनर लावून गाडीने साठवलेले बिघाडाचे कोड वाचा, आणि पुसण्याआधी वहीत उतरवा.

कोड म्हणजे दिशा, निदान नव्हे. पी ०१७१ आला म्हणजे इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. फाटलेली व्हॅक्यूमची नळी, दमलेला पेट्रोल पंप, मळलेला एअरफ्लो सेन्सर, यांपैकी काहीही असू शकतं. नळीवर पाण्याचा बारीक फवारा मारून बघा, इग्निशनच्या भागांपासून लांब. इंजिनचा सूर बदलला तर भोक तिथेच.

पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज पुरवणारी) असेल तर पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइलच वाईट. नाही सरकला तर प्लग, इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. प्लग काढलाच आहे तर टोकाचा रंग बघा: फिकट तपकिरी चांगला, काजळीने काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओला म्हणजे ऑइल वर चढतंय.

पायरी ९: गाडी तापते

गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

उभी असताना तापते आणि पळताना गार होते, तर पंखा, त्याचा रिले किंवा तापमानाचा स्विच. पळताना, चढावर तापते, तर चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) किंवा वॉटर पंप. इंजिन तापलंय पण हीटरमधून गार हवा येते, तर कूलंट कमी आहे किंवा हवा अडकलीय. काटा एका क्षणात वर-खाली होत असेल तर पायरी ५ कडे परत जा. इतकं पाणी एका क्षणात तापत नाही.

पायरी १०: आवाज

वेगाबरोबर वाढणारी घूं घूं, आणि एका बाजूला वळताना कमी-जास्त होणारी, म्हणजे चाकाचं बेअरिंग. पूर्ण वळणावर टकटक म्हणजे सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा). सुरू करताच किंचाळणं म्हणजे बेल्ट. ब्रेक दाबल्यावर धातूचं घासणं म्हणजे पॅड संपले, तिथून पुढे डिस्क खाल्ली जाते.

बेअरिंग, जॉइंट, हेड गॅसकेट, टायमिंग बेल्ट ही कामं मेकॅनिकची आहेत आणि त्यालाच द्यावीत. पण गाडी देताना वहीतलं पान बरोबर द्या. ‘पुढून आवाज येतो’ एवढं सांगून भागत नाही. ‘दुसऱ्या गिअरमध्ये, स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पुढच्या उजव्या चाकातून टकटक, सरळ केलं की थांबते’ असं लिहिलं असेल तर तो थेट त्या चाकाशी बसतो.