वर्दळ नसतानाही टॉमकॅटचा सीपीयू शंभर टक्के: माझा अनुभव

अंधेरीच्या आमच्या कार्यालयातील जावा ७ वर चालणाऱ्या टॉमकॅट या वेब सर्व्हरचा सीपीयू (प्रोसेसर) वापर अचानक वाढे आणि रात्री वर्दळ ओसरल्यावरही खाली येत नसे. सर्व्हर पुन्हा सुरू केला की तेवढ्यापुरते भागे. हीप मेमरी (जावा प्रोग्रॅमचा डेटा राहतो ती मेमरी) वाढवून आणि थ्रेडची (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र कामांची) मर्यादा घटवूनही फरक पडला नाही. मनस्ताप फार झाला.

अखेर ‘टॉप’ ही लिनक्सवरची कमांड ‘-एच -पी’ हे पर्याय आणि प्रोसेसचा क्रमांक देऊन चालवली, कारण त्यामुळे प्रत्येक थ्रेडचा वापर वेगळा दिसतो. सर्वांत वरच्या थ्रेडचा क्रमांक हेक्साडेसिमलमध्ये (१६ पाया असलेल्या अंकपद्धतीत) बदलला (उदाहरणार्थ, २१२८७ म्हणजे ५३२७) आणि टॉमकॅटच्याच युजरने ‘जेस्टॅक’ (प्रत्येक थ्रेड त्या क्षणी काय करतो आहे याची यादी, म्हणजे डंप, देणारी जावाची कमांड) चालवून त्यात ‘एनआयडी’पुढे, म्हणजे जिथे थ्रेडचा क्रमांक हेक्साडेसिमलमध्ये असतो तिथे, तो शोधला. एकाच डंपवर विसंबू नये. काही सेकंदांनी घेतलेल्या दुसऱ्या डंपमध्येही तो थ्रेड ‘हॅशमॅप’च्या (किल्लीनुसार मूल्ये साठवणाऱ्या जावाच्या रचनेच्या) ‘गेट’ या मूल्य शोधणाऱ्या मेथडमध्येच होता. आमच्या कोडमध्ये सर्व थ्रेड एकच साधा हॅशमॅप लॉक न लावता वापरत होते, आणि जावा ७मध्ये दोन थ्रेड एकाच वेळी त्याचा आकार वाढवू लागले तर आतील साखळी स्वतःलाच जोडली जाऊन शोध कधीच संपत नाही. तेथे अनेक थ्रेडनी एकाच वेळी सुरक्षितपणे वापरता येणारा ‘कॉन्करंटहॅशमॅप’ घातल्यापासून सीपीयू वर्दळीनुसारच चढतो आणि उतरतो.