जुनी टर्बो गाडी घेताना इंजिनच्या बाबतीत या चुका टाळा

जुनी टर्बो गाडी, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो असलेली गाडी, बघायला निघालेला माणूस चार जणांना एकच विचारतो, "हे इंजिन कसं आहे?" कोणी सांगतं, डोळे मिटून घे. कोणी सांगतं, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. दोन्ही उत्तरं इंजिनच्या नावाबद्दल असतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. टोयोटाच्या २जेझेड-जीटीईचा लोखंडी ब्लॉक मूळ ताकदीच्या कितीतरी जास्त ताकद पेलतो, हे खरं. पण त्याचं उत्पादन २००५ च्या आसपास थांबलं. म्हणजे अगदी शेवटचं इंजिनही आज वीस वर्षांच्या आसपासचं असणार, आणि ते किती पेलतं हे बघायचा मोह मधल्या किती मालकांना झाला, याची नोंद कुठेच नसते. उलट बीएमडब्ल्यूचं एन५४ हाय प्रेशर फ्युएल पंप, इंजेक्टर आणि वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेच्या) खडखडाटासाठी बदनाम आहे. तरी ही सगळी कामं बिलांसकट झालेली एखादी गाडी मी त्या 'डोळे मिटून घे'वाल्या गाडीच्या आधी बघायला जाईन.

नावाचा उपयोग एवढाच की नेमकं कुठे बघायचं ते कळतं. सुबारूच्या ईजे२५७ मध्ये पिस्टनवरच्या दोन रिंगांमधला पातळ कडा तुटतो, बहुतेकदा चौथ्या सिलिंडरचा. फोक्सवॅगन-ऑडीच्या ईए११३ जातीच्या २.० टीएफएसआयमध्ये हाय प्रेशर पंप आणि कॅमशाफ्ट यांच्यामध्ये वाटीच्या आकाराचा एक छोटा फॉलोअर असतो. तो झिजून भोक पडलं की कॅमही जातो. पंप सोडवला की ही वाटी हातात येते, तेव्हा खरेदीआधी ती बघून घ्यायला काहीच हरकत नसावी. नंतरच्या ईए८८८ च्या सुरुवातीच्या पिढ्यांत टायमिंग चेनच्या टेन्शनरची, म्हणजे ती ताणून धरणाऱ्या भागाची, चौकशी करायची. फोर्ड फोकस आरएसच्या २०१६-१७ च्या गाड्यांत चुकीचं हेड गास्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) बसलं होतं आणि २०१८ मध्ये कंपनीने दुरुस्तीची मोहीम काढली. ती गाडी बघताना पहिला प्रश्न हाच, की ते काम झालं का आणि त्याचा कागद कुठे आहे.

गरम इंजिन बघून समाधान मानणे

तुम्ही पोचायच्या आत गाडी चालू करून ठेवलेली असेल, तर परत या. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनचा पहिला अर्धा मिनिट जेवढं सांगतो तेवढं नंतरची तासाभराची चक्करही सांगत नाही. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की सेल्फ माझ्यासमोर मारायचा. गेल्यावर बोनेटवर नाही, आत एक्झॉस्टजवळ हात नेऊन ऊब लागते का बघा. बोनेट लवकर थंड होतं.

चालू झाल्यावर चेनचा आवाज क्षणभर येऊन थांबला तर ठीक. दोन-तीन सेकंद खडखडत राहिला तर टेन्शनर किंवा ताणलेली चेन. टकटक थंडीत येते आणि गरम झाल्यावर जाते, तेव्हा बरेचदा पिस्टनची असते. गरम झाल्यावरही राहिली, किंवा २,००० आरपीएमच्या आसपास अ‍ॅक्सिलरेटर सोडता-सोडता खोल ठोका ऐकू आला, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा संशय घ्यायचा. तिथे घासाघीस करत बसू नये, सरळ निघावं.

धुराबद्दल सगळ्यांनाच थोडंफार ठाऊक असतं: निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, आणि गोडसर वासाचा, विरून न जाणारा पांढरा म्हणजे कूलंट. पण तो कधी येतो, हे रंगाइतकंच महत्त्वाचं. पाच मिनिटं आयडलला ठेवून मग रेस केल्यावर निळा भपकारा आला की लोक लगेच म्हणतात, "टर्बो गेला." कधी खरंच टर्बोचं सील असतं. कधी व्हॉल्व्हचे सील असतात. आणि बऱ्याचदा क्रँककेसची हवा बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह बिघडलेला असतो, जो टर्बोच्या मानाने क्षुल्लक काम आहे. चुकीच्या निदानापायी चांगली गाडीही हातची जाते.

कॉम्प्रेशन टेस्टच्या आकड्यावर विसंबणे

कॉम्प्रेशन टेस्ट म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याचं मोजमाप. टर्बो इंजिनचा मूळ कॉम्प्रेशन रेशो बिगरटर्बो इंजिनपेक्षा बहुधा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे नुसता आकडा बघून "कमी आला" म्हणण्यात अर्थ नाही. सिलिंडर-सिलिंडरमधला फरक बघा. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांत १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. टेस्ट गरम इंजिनवर, सगळे प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून झाली पाहिजे. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेले आकडे मी वाचतही नाही.

खरी माहिती लीक-डाउन टेस्ट देते. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते मोजायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, २० च्या वर गेलं तर काहीतरी उघडावं लागणार. या टेस्टची खरी गंमत मोजमापात नाही, कान लावण्यात आहे. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा किंवा पिस्टन. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गास्केट किंवा हेडला तडा. मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून हे स्वतः ऐका. "ठीक आहे" एवढंच तोंडी उत्तर घेऊन येऊ नका.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. या दोन्ही टेस्टना बेअरिंगचं काहीच कळत नाही. रिंगा ठणठणीत आणि बेअरिंग संपत आलेलं, असंही इंजिन असतं. त्यासाठी ऑइल बघावं लागतं. मालक तयार असेल तर जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा. उन्हात धरल्यावर तांबूस किंवा चंदेरी चमचम दिसली तर ती बेअरिंगची असू शकते. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासला तर तांबं आणि शिसं बेअरिंगकडे बोट दाखवतात, अ‍ॅल्युमिनियम पिस्टनकडे, सिलिकॉन हवेतल्या धुळीकडे, सोडियम-पोटॅशियम कूलंटकडे. कालच बदललेल्या ऑइलचा नमुना मात्र कुचकामी.

चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही म्हणून निश्चिंत होणे

गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले बिघाडाचे कोड पुसायला दोन मिनिटं लागतात. पण पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, "अपूर्ण" दाखवायला लागतात आणि परत पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. गाडीच्या सॉकेटला लावायचा साधा ओबीडी स्कॅनरही हे दाखवतो. चार-पाच मॉनिटर अपूर्ण दिसले तर विचारा की बॅटरी कधी काढली होती. तिथेच लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल सरासरी किती कमी-जास्त करतोय, तेही बघून घ्या. तो १० टक्क्यांच्या पलीकडे अधिक असेल तर कुठेतरी हवा गळतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय.

"सगळं कंपनी फिटिंग आहे" हे ऐकून पुढे जाणे

रीमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली गाडी वाईट असतेच असं नाही. लपवलेला रीमॅप वाईट. विकायच्या आधी मूळ पार्ट आणि मूळ सॉफ्टवेअर परत टाकता येतं, पण खुणा राहतात: होजवर जुन्या क्लॅम्पचे वण, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) दाखवणाऱ्या गेजसाठी पाडलेलं आणि मग बुजवलेलं भोक, मूळ पाइपवर अगदी नवेकोरे बोल्ट, नेहमीपेक्षा थंड प्रकारच्या (उष्णता लवकर सोडणाऱ्या) प्लगांचा सेट. काही कंपन्यांच्या ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) प्रोग्रॅमिंग किती वेळा झालं याची मोजदाद असते, ती अधिकृत सर्व्हिस सेंटर वाचू शकतं. जो मालक स्वतःहून ट्यूनची फाइल आणि लॉग दाखवतो, त्याच्याशी बोलण्यात वेळ घालवणं परवडतं.

सर्व्हिस बुकमध्ये ऑइल बदलण्यातलं अंतर बघा. लाखाच्या वर आरपीएमने फिरणारा टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, आणि गाडी दामटून लगेच बंद केली तर तिथलं ऑइल जळून कोळसा होतं. कागदावर १५,०००-२०,००० किमीचं अंतर चालत असलं तरी जोरात चालवलेल्या गाडीला मी ८,००० च्या आत बदललेलं शोधतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते. ती साफ होते, त्यावरून गाडी नाकारायचं कारण नाही, भावात धरा.

चालवून बघताना कूलंटचा काटा मधे आला म्हणून दाबू नका. ऑइल त्याच्या बरंच मागून गरम होतं. दहा-पंधरा मिनिटांनी, मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गियरमध्ये ३,००० च्या वरून एकदा पूर्ण ओढून बघा. बूस्ट सरळ चढला पाहिजे, मधे अडखळता कामा नये. सुस्कारा ऐकू आला आणि ओढ कमी वाटली तर बहुतेक टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या बाजूचा पाइप गळतोय. पाइपांत धूर सोडून करायच्या स्मोक टेस्टमध्ये तो लगेच सापडतो. परत आल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, गाडीखाली वाका, आणि मग गरम इंजिनवर पुन्हा एकदा सेल्फ मारायला सांगा.