कोबीतली अळी मेंदूत जात नाही, मग काय जाते? या चुका टाळा

फ्लॉवर चिरताना हिरवी अळी दिसली की काही घरांत अख्खा गड्डा कचऱ्यात जातो. ‘ती पोटात गेली तर डोक्यात चढते’ ही समजूत व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीची आहे. ती अळी म्हणजे पतंगाचे पिल्लू. शिजली की संपली, आणि कच्ची पोटात गेली तरी माणसाच्या अंगात ती जगू शकत नाही. पण मेंदूत जंताच्या गाठी होतात हे मात्र खरे आहे. या आजाराला न्यूरोसिस्टीसरकोसिस म्हणतात आणि भारतात आकडी येण्यामागचे ते एक नेहमीचे कारण आहे. जिथे माणसे आणि मोकाट डुकरे शेजारी राहतात अशा अनेक भागांत अपस्माराच्या (वारंवार आकडी येण्याच्या आजाराच्या) सुमारे ३० टक्के रुग्णांमध्ये हेच कारण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हा जंत म्हणजे टीनिया सोलियम नावाचा पट्टकृमी. डुकराच्या अर्धकच्च्या मांसात त्याच्या पुटक्या (आत जंताचे पिल्लू असलेल्या पाण्याच्या छोट्या पिशव्या) असल्या आणि ते मांस खाल्ले, तर साधारण दोन महिन्यांत आतड्यात कृमी वाढतो. तो २ ते ७ मीटर लांब होऊ शकतो. त्याचे तुकडे आणि अंडी शौचातून बाहेर पडतात. ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती कुणाच्या तोंडात गेली की त्यातून निघालेला सूक्ष्म जीव आतड्याची भिंत भेदतो आणि रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यात किंवा मेंदूत जाऊन बसतो. तिथे त्याची पुटकी, म्हणजेच गाठ, होते. थोडक्यात, मांसातून होतो तो आतड्यातला जंत. मेंदूतली गाठ होते ती माणसाच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्याने. पुढच्या बहुतेक चुका या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे होतात.

‘आम्ही शाकाहारी, आमचा काय संबंध?’

न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू वस्तीतल्या काही जणांना आकडी येऊ लागली आणि तपासणीत मेंदूत याच जंताच्या गाठी सापडल्या. १९९२ साली हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आले. या लोकांनी डुकराचे मांस कधी तोंडालाही लावले नव्हते. शोध घेतला तेव्हा धागा घरकामाला असलेल्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या लोकांपर्यंत गेला. त्यांच्यापैकी कुणाच्या आतड्यात पट्टकृमी होता आणि हातांवाटे अंडी जेवणात जात होती. आपल्याकडे हाच मार्ग हॉटेलात, मेसमध्ये, वाढप्याच्या हातात, किंवा सांडपाण्यावर पिकवलेल्या आणि कच्च्या खाल्लेल्या भाजीत असू शकतो. गोव्यात डुकराच्या मांसाचे सोरपोतेल खाणाऱ्याला मात्र उगाच घाबरवू नये. उकडून, परतून, तासन्‌तास शिजलेल्या मांसात पुटकी जिवंत राहत नाही. धोका आहे तो आत गुलाबी राहिलेल्या तुकड्यात.

मिठाच्या पाण्यावर विसंबणे

मिठाच्या पाण्यात फ्लॉवर बुडवला की अळ्या वर येतात, म्हणून भाजी ‘साफ’ झाली असे वाटते. अळी गेली, पण पट्टकृमीच्या अंड्यांना मीठ, व्हिनेगर किंवा पोटॅशियम परमँगनेट यांचे फारसे काही वाटत नाही. त्यांना घालवायचे तर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचे: कोबीची बाहेरची पाने काढून टाकायची, आतली सुटी करून एकेक धुवायची, कोथिंबीर, मुळा, पातीचा कांदा यांची माती पुरती निघेपर्यंत धुवायचे. शिजवल्यावर अंडी मरतात. कोबीची भाजी निर्धास्त खा. प्रश्न आहे तो गाडीवरच्या कच्च्या कोबीच्या सॅलडचा.

सीटी स्कॅनमध्ये ठिपका दिसला की टीबी

भारतात ही चूक वर्षानुवर्षे झाली. आकडी आलेल्या तरुणाच्या मेंदूत एकच छोटी गाठ दिसली की ती टीबीची धरायची आणि महिनोन्‌महिने औषधे द्यायची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या चांडी आणि राजशेखर या मेंदूशल्यचिकित्सकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की अशा पुष्कळ गाठी या जंताच्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच आपोआप विरतात. गाठ एकच आहे, २० मिलिमीटरच्या आत आहे, मेंदू एका बाजूला सरकलेला नाही, मेंदूतला दाब वाढल्याची लक्षणे नाहीत आणि रुग्णाला टीबीसारखा दुसरा आजार नाही, तर आधी जंताचा विचार व्हायला हवा. मोठी किंवा वेड्यावाकड्या कडांची गाठ असेल तर टीबीचा संशय बळावतो. टीबीची औषधे सुरू झाली असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नका. पण ‘ही गाठ जंताची असू शकते का?’ हे डॉक्टरांना नक्की विचारा.

मेडिकलमधून जंताची गोळी आणून घेणे

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. जंताची पुटकी मेंदूत जिवंत असते तेव्हा शरीराला आपला पत्ता लागू देत नाही. ती वर्षानुवर्षे गप्प बसू शकते. ब्रिटिश काळात भारतात राहून मायदेशी परतलेल्या सैनिकांत पुढे कित्येक वर्षांनी आकडी सुरू झाल्याच्या नोंदी आहेत. पुटकी मरू लागते तेव्हा भोवती सूज येते आणि बहुतेकदा आकडी येते ती या सुजेमुळे. अल्बेंडाझोल ही जंताची गोळी पुटकी मारते, म्हणजे तीच सूज मुद्दाम आणते. म्हणून डॉक्टर आधी सूज आवरणारे स्टिरॉइड सुरू करतात, आकडीचे औषध चालू ठेवतात आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घेतात, कारण डोळ्यात पुटकी असेल तर तिथली सूज दृष्टी घालवू शकते.

अल्बेंडाझोलचा नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १५ मिलिग्रॅम, दोन भागांत, १० ते १४ दिवस, जेवणाबरोबर. तेलातुपाचे जेवण असेल तर औषध जास्त शोषले जाते. दोनपेक्षा जास्त जिवंत पुटक्या असतील तर प्राझिक्वांटेल हे दुसरे जंतनाशकही जोडतात. गाठी खूप असून मेंदू सुजलेला असेल किंवा मेंदूतले पाणी तुंबलेले असेल तर जंतनाशक आधी देत नाहीत, आधी तो दाब उतरवतात. आणि गाठीचा चुना झालेला असेल, म्हणजे तिथे कॅल्शियम साचून ती कडक झाली असेल, तर जंत केव्हाच मेलेला असतो. तिथे जंतनाशकाचा काही उपयोग नाही, फक्त आकडीचे औषध लागते.

शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनी मिळणारी ४०० मिलिग्रॅमची एक गोळी गोलकृमी, अंकुशकृमी यांच्यासाठी असते. तिने पट्टकृमी जाईलच असे नाही, मेंदूतली गाठ तर नाहीच.

दोन महिने आकडी नाही, मग गोळ्या कशाला?

गाठ विरली, चुना राहिला नाही आणि पुन्हा आकडी आली नाही, तर साधारण सहा महिन्यांनी औषध हळूहळू कमी करण्याचा विचार होतो. त्यासाठी पुन्हा स्कॅन लागतो. चुना राहिला असेल तर औषध जास्त काळ चालते. आणि आकडी आली असताना चप्पल हुंगवणे, हातात किल्ल्या देणे, दातांत चमचा घालणे हे सगळे बंद करा. माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

घरातल्यांची तपासणी राहून जाते

रुग्णाचा एमआरआय होतो, पण अंडी कुणाकडून आली हे फारसे कुणी शोधत नाही. घरातल्या प्रत्येकाची आणि रोजचा स्वयंपाक करणाऱ्याची शौचतपासणी करून घ्या. अंडी रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्या. शौचात पांढऱ्या चपट्या पट्टीचे तुकडे दिसले का, हेही विचारा. लाजेपोटी हे कुणी आपणहून सांगत नाही. स्वयंपाकाच्या बाईंना कामावरून काढणे हा उपाय नव्हे. पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइडचा एक डोस बहुधा पुरतो. मात्र त्याआधी त्यांना कधी आकडी किंवा न थांबणारी डोकेदुखी होती का, हे डॉक्टरांना कळायला हवे. प्राझिक्वांटेल मेंदूपर्यंत पोहोचते, आणि तिथे लपलेली पुटकी असेल तर त्या एका डोसानेही आकडी येऊ शकते. निक्लोसामाइड आतड्यातून जवळजवळ शोषले जात नाही, त्यामुळे अशा वेळी डॉक्टर तेच निवडू शकतात.