पगारी पीएचडी स्कॉलरशिपच्या यादीत शोधू नका

इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान असल्या विषयात एमए केलेली आपली मुलं युरोपातली पीएचडी शोधताना स्कॉलरशिप टाकून सर्च करतात, काही हाती लागत नाही आणि मग कला शाखेला कोण पैसे देतंय म्हणून सोडून देतात. नॉर्वे, स्वीडन, नेदरलँड्समध्ये पीएचडी बहुतेक वेळा नोकरीच असते, महिन्याचा पगार मिळतो, म्हणून जाहिरात येते नोकरीच्या पानावर.

१. नेदरलँड्ससाठी ॲकॅडेमिक ट्रान्सफर (AcademicTransfer), नॉर्वेसाठी जॉबनॉर्गे (Jobbnorge) या नोकऱ्यांच्या साइट उघडा. स्वीडनला थेट युनिव्हर्सिटीच्या साइटवर नोकऱ्यांचं पान बघा.
२. पीएचडीचा फिल्टर लावून आपला विषय टाका आणि ईमेल अलर्ट चालू करा, हे नक्की करा कारण कला शाखेच्या जागा मुळात कमी निघतात आणि बऱ्याचदा काही आठवड्यांतच बंद होतात.
३. सीव्ही, मार्कशीट, एमएचा प्रबंध आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा.

एक मात्र बघा, जाहिरात शेवटपर्यंत वाचा. कुठे विषय आधीच ठरलेला असतो तर कुठे स्वतःचा रिसर्च प्रपोजल मागतात, सगळीकडे एकच अर्ज पाठवला तर तो बाजूलाच पडणार.