ईमेल येणे बंद झाले असल्यास आधी साठवण तपासा

ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षकाढणीपर्यंत दिंडोरी-निफाडच्या अनेक बागायतदारांचे फोन बागेच्या फोटो-व्हिडिओंनी भरत जातात आणि नेमक्या निर्यातीच्या दिवसांत प्रयोगशाळेचा कीडनाशक अंश तपासणी अहवाल जीमेलवर पोहोचत नाही. दोष बहुधा इंटरनेटचा नसतो. गूगलची 15 जीबी मोफत जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात सामाईक असते. 1 जून 2021 पासून चढवलेले फोटो तिच्यात मोजले जातात आणि अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच धरला जातो. ही जागा संपली की मेल पाठवता येत नाही आणि येणारा मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो.

म्हणून जुने मेल एकेक करून पुसण्यात वेळ घालवू नये, कारण साध्या मजकुराचे मेल फारच थोडी जागा घेतात. गूगल वन या गूगलच्या साठवण सेवेच्या स्टोरेज पानावर मोठ्या फाइल आणि मोठी जोडपत्रे असलेले मेल वेगळे दाखवले जातात, तेथून सुरुवात करावी. व्हिडिओ पुसण्यापूर्वी मात्र ते हार्डडिस्कवर अवश्य उतरवून घ्यावेत, कारण गूगल फोटोमधून पुसलेला व्हिडिओ फोनमधूनही जाऊ शकतो. शेवटी तिन्ही ठिकाणची कचरापेटी रिकामी करावी, तोपर्यंत जागा मोकळी होत नाही.

दरम्यान परत गेलेले मेल आपोआप येत नाहीत; अहवाल पुन्हा पाठवण्याची विनंती प्रयोगशाळेला त्याच दिवशी करावी.